बाबा, पोर्ट आणि चौसष्ट कॅसेट्स

तुमच्या घरातला राऊटर तुम्ही शेवटचा कधी नीट बघितलात? टीव्हीच्या मागे धूळ खात, हिरवे दिवे मिचकावत बसलेला तो डबा. नेट गेलं की त्याचं बटण बंद करायचं, दहा आकडे मोजायचे, पुन्हा चालू करायचं. एवढाच आपला त्याच्याशी संबंध. वायफायचा पासवर्ड त्याच्या पोटावर छापलेला असतो, त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला की संपलं. आत काय चालतं, हे नेट जोडायला आलेल्या मुलाला विचारावं, तर ‘मॅडम, सेटिंगला हात लावू नका’ एवढं बोलून तो पुढच्या बिल्डिंगमध्ये पसार झालेला असतो.

मला मात्र हात लावावा लागला. आणि मी काही आयटीवाली नाही हं. पुण्यात एका विमा कंपनीत क्लेम्सच्या फायली बघते. पण आमच्या डोंबिवलीच्या घरात चौसष्ट कॅसेट्स होत्या. त्यांच्यावरून आम्हा तिघांत जी काही धुसफूस चालली होती, तिच्यातून बाहेर पडायचा रस्ता नेमका त्या डब्यातून जात होता.

आई घरी गाण्याचे क्लास घ्यायची. बाहेरच्या खोलीत सतरंजी, पेटी आणि कोपऱ्यात टू-इन-वन. शिकवणी रेकॉर्ड करून ठेवायची तिला सवयच होती. आई २०२२ मध्ये गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात बाबांनी कपाटावरून कॅसेट्सचं खोकं खाली काढलं. काही टेपांना बुरशी धरायला लागली होती. मग ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला बसले. हे काम घाईने होत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, तिथे फास्ट फॉरवर्डचा उपयोग नाही. रोज दुपारी एक कॅसेट, फार तर दोन. त्यात आईचा यमन आहे, विद्यार्थिनींचे बेसूर आलाप आहेत, मध्येच कुकरची शिट्टी आहे, खालून ओरडणारा भाजीवाला आहे. आणि एका ठिकाणी तर चक्क ‘अगं, दूध उतू गेलं’ असा बाबांचाच आवाज!

दादा डब्लिनला, मी पुण्यात. दोघांनीही जे कुणीही सांगेल तेच सांगितलं, ‘बाबा, क्लाउडवर टाका आणि लिंक पाठवा.’ बाबा म्हणाले, ‘नाही.’ का? तर आईची गाणी भाड्याच्या खोलीत ठेवायची नाहीत. उद्या भाडं थकलं, नियम बदलले, तर दार कुणाचं ठोठावायचं? बरं, मग पेन ड्राइव्हवर द्या. त्यालाही नाही. एकदा कॉपी बाहेर गेली की ती कुठे कुठे फिरेल, कोण त्यावर काय चिकटवून रील बनवेल, सांगता येत नाही. ‘घरातली वस्तू घरात राहू दे. ऐकायचं असेल तर घरी या.’

खरं बोलणं या शेवटच्या वाक्यात होतं, आणि ते आम्हा दोघांनाही बरोबर कळलं होतं. दादा आईच्या दिवसांना येऊन गेला होता. त्यानंतर नाही. मी महिन्यातून एकदा शनिवारी सकाळच्या सिंहगडने कल्याण आणि तिथून लोकल, एवढंच. त्यामुळे दादाला तो टोमणा लागला, बाबांना दादाचं गप्प बसणं लागलं, आणि मधल्या मधे माझं सँडविच झालं. रविवारचा फोन ‘बरं, जेवलास का’वर यायला लागला.

वस्तू घरात राहील आणि तरी बाहेरून ऐकता येईल, अशी काही सोय आहे का? ऑफिसमधल्या नेटवर्कवाल्याला लंचमध्ये विचारलं. तो डब्यातली भेंडी खाता खाता म्हणाला, ‘हात्तिच्या! पोर्ट फॉरवर्डिंग कर ना.’

पुढच्या शनिवारी बाबांना हे समजावून सांगायची मी सॉलिड तयारी करून गेले होते. आकृतीसुद्धा काढली होती. पण माझं दुसरं वाक्य संपायच्या आत बाबा म्हणाले, ‘कळलं. बोर्डावरची चिठ्ठी.’

आता सांगायला हवं, की बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत. उमेदीची वर्षं एक्स्चेंजमध्ये गेलेली. त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्याही मॅन्युअलपेक्षा स्वच्छ होतं. कुठलंही मोठं ऑफिस घे, म्हणाले. बाहेरच्या जगाला नंबर एकच. आत पन्नास एक्स्टेन्शन्स. आतल्या माणसाला बाहेर बोलायचं असलं की ऑपरेटर लाइन जोडून देतो, कुणी कुणाला फोन लावलाय ते लक्षात ठेवतो, आणि समोरून उत्तर आलं की बरोबर त्याच एक्स्टेन्शनला देतो. पण बाहेरून आपण होऊन कुणी फोन केला, आणि कोण हवंय हे त्याला सांगता आलं नाही, तर ऑपरेटर फोन ठेवून देतो. राऊटर म्हणजे हा ऑपरेटर. घरातले मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप ही एक्स्टेन्शन्स. आपण दिवसभर नेट वापरतो तेव्हा फोन आतून बाहेर गेलेला असतो, म्हणून सगळं सुरळीत चालतं. दादाने डब्लिनहून आमच्या कॉम्प्युटरला हाक मारली, तर तो फोन बाहेरून आलेला. राऊटर म्हणणार, कोण हवंय? आणि ठेवून देणार. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे ऑपरेटरच्या बोर्डावर डकवलेली चिठ्ठी : ‘८०९६ नंबर मागत कुणी आलं, तर मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडून दे.’

एवढाच फंडा आहे, बॉस! बाकी सगळी भाषेची भीती.

मग कामाला लागलो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाईप केलं (काही राऊटरला १९२.१६८.०.१ लागतं), राऊटरच्या पोटावरचं नाव-पासवर्ड घातला आणि आत शिरलो. सगळ्यात आधी तो पासवर्ड बदलला. मग दुसरं काम. घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर आतला नंबर वाटतो, पण तो कायमचा नसतो, आज ५ तर उद्या ९. चिठ्ठीवर ५ लिहायचं आणि उद्या ५ नंबरवर टीव्ही येऊन बसायचा, असला घोळ व्हायला नको म्हणून ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ नावाच्या पानावर जाऊन कॉम्प्युटरला एक नंबर कायमचा बांधून दिला. कॉम्प्युटरवर जेलीफिन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, ते गाण्यांची यादी मांडून देतं आणि ८०९६ या पोर्टवर बसतं. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरच्या दारांचे नंबर, एकूण ६५ हजारांच्या वर. वेबसाइटची दारं ठरलेली, ८० आणि ४४३. राऊटरच्या नियमात तीनच गोष्टी भरायच्या : बाहेरचं दार, आतला पत्ता, आतलं दार. सेव्ह. झालं.

आणि झालं काहीच नाही. मी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघत होते. (हे महत्त्वाचं. घरच्याच वायफायवर बसून बाहेरच्या पत्त्याने घरात यायला बघितलं, तर बऱ्याच राऊटर्सना ते झेपत नाही आणि उगाच डोक्याला शॉट बसतो.) पान काही उघडेना. नेटवाल्या कंपनीच्या कस्टमर केअरने तीनदा राऊटर बंद-चालू करायला लावला. चौथ्यांदा बाबांनीच फोन घेतला आणि जुन्या खात्याच्या आवाजात विचारलं, ‘आमच्या लाइनला स्वतःचा नंबर आहे की पी.पी.?’

पलीकडच्या मुलाला अर्थातच काही कळलं नाही. तुमच्यापैकी ज्यांना पी.पी. नंबर माहीत नाही त्यांच्यासाठी : फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायला लागायचं त्या काळी घरात फोन नसलेले लोक शेजाऱ्यांचा नंबर द्यायचे आणि पुढे कंसात पी.पी. लिहायचे. लग्नपत्रिकांवर, व्हिजिटिंग कार्डांवर, सगळीकडे. अख्ख्या मजल्याचा फोन एका काकूंकडे.

इंटरनेटवर आज आपल्यातले बरेचजण पी.पी. नंबरवर राहतात. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते आहेतच एकूण सुमारे ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला तळाला गेला. मग कंपन्यांनी काय केलं, तर शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं. याला सीजीनॅट म्हणतात, आणि त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास राखून ठेवले गेले. आतून बाहेर जायला काही अडचण नाही, म्हणून सिनेमे बघताना आपल्याला याचा पत्ताच लागत नाही. पण बाहेरून कुणी आलं, तर ते आधी कंपनीच्या काकूंकडे पोचणार. आणि या काकू निरोप देत नाहीत! तुम्ही आपल्या राऊटरवर कितीही चिठ्ठ्या डकवा, फोन तुमच्यापर्यंत येतच नाही.

ओळखायचं कसं? राऊटरच्या स्टेटसच्या पानावर ‘वॅन आयपी’ दिसतो तो बघायचा, आणि ‘माझा आयपी काय’ असं नेटवर शोधून येतो तो बघायचा. दोन्ही एकच असले तर मार्ग मोकळा. वेगळे असले, किंवा पहिला १००.६४च्या घरातला निघाला, तर पोर्ट फॉरवर्डिंगचा नाद सोडा आणि कंपनीला फोन करा. आमचा निघाला १००.७१. आता नवे आयपीव्ही६ पत्ते आहेत, ते इतके मुबलक आहेत की पी.पी.ची गरजच नाही, पण आमच्या गल्लीतली लाइन ते देत नव्हती. शेवटी महिन्याला थोडे जास्त पैसे भरून स्वतःचा पत्ता घेतला. बाबांनी ते पैसे एका शब्दाने कुरकुर न करता भरले. हे आमच्या घरात ऐतिहासिक आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मी तर दादाला लिंक पाठवायला बोटं सरसावून बसले होते. बाबा म्हणाले, ‘थांब. आधी रिकामी खोली उघडून बघू.’

म्हणजे काय, तर गाणी तशीच बंद ठेवायची. आधी एका जुन्या, पुसून कोऱ्या केलेल्या लॅपटॉपवर नुसतं एक कोरं पान ठेवायचं, ८०८० नंबरचं दार त्याच्याकडे वळवायचं, आणि कोण येतं ते बघत बसायचं. पत्ता कुणालाही सांगायचा नाही. लिंक कुठेही द्यायची नाही. मला वाटलं, रात्रभर काहीच होणार नाही आणि सकाळी बाबांची खात्री पटेल.

अर्ध्या तासात पहिला पाहुणा आला. मग दुसरा. सकाळी चहा घेऊन बसलो तेव्हा लॉगची पानंच्या पानं भरली होती. आमच्याकडे वर्डप्रेस नव्हतं, तरी कुणीतरी वर्डप्रेसचं लॉगिन मागून गेलं होतं. कुणी डेटाबेसची किल्ली मागत होतं, कुणी पासवर्डांची फाइल, कुणी कॅमेऱ्याचं पान. पत्ते जगभरातले. बाबा चष्मा कपाळावर चढवून ओळ न् ओळ वाचत होते, पेपर वाचावा तसे. ‘हे राँग नंबर नाहीत,’ ते म्हणाले. ‘कुणीतरी डिरेक्टरी घेऊन पहिल्या नंबरपासून ओळीने फिरवत बसलंय.’

अगदी तस्संच आहे ते. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन बनवलं. चांगल्या वेगाची लाइन असेल तर ते एका कॉम्प्युटरवरून अख्ख्या आयपीव्ही४ जगातलं एकेक दार पाऊण तासाच्या आत ठोठावून येतं. तेव्हा ‘आपल्याला कोण विचारतंय’ या म्हणण्याला काही अर्थच नाही. आपल्याला माणूस विचारत नाही, यंत्र विचारतं, आणि ते सगळ्यांनाच विचारतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने हेच केलं. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड घेऊन तो घराघरांतले कॅमेरे, डीव्हीआर, राऊटर उघडत सुटला आणि लाखो यंत्रं ताब्यात घेतली. मग २१ ऑक्टोबरला या फौजेचा मारा डिन नावाच्या अमेरिकी कंपनीवर झाला. वेबसाइटांच्या नावावरून त्यांचा पत्ता सांगणारी ही कंपनी कोलमडल्यावर अमेरिकेतल्या कितीतरी लोकांना काही तास ट्विटर आणि नेटफ्लिक्स उघडेना. मिराई बनवणारे कोण, तर विशीच्या आसपासचे तीन पोरगे! २०१७ मध्ये त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. पण ज्यांच्या घरातले कॅमेरे या हल्ल्यात वापरले गेले, त्यांना याची गंधवार्ताही नसणार.

त्या दिवशी राऊटरमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. यूपीएनपी. ही चालू असली, की घरातलं कुठलंही यंत्र आपल्याला न विचारता स्वतःची चिठ्ठी बोर्डावर लावू शकतं. गेम खेळणाऱ्यांना सोयीचं. पण आमच्या बोर्डावर अशी एक चिठ्ठी आधीच लागलेली होती, टीव्हीच्या नावाची. बाबांनी ती काढली आणि यूपीएनपी बंद करून टाकलं. ‘ऑपरेटर मी आहे,’ म्हणाले. तुमच्याकडेही आज संध्याकाळी जाऊन बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग गाण्यांचं काय? भेंडीवाल्या मित्राला पुन्हा गाठलं. त्याने सांगितलेला उपाय असा : गाण्यांचं दार बाहेर उघडायचंच नाही. त्याऐवजी त्याच कॉम्प्युटरवर वायरगार्ड बसवायचं. फुकट आहे, आणि मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. पोर्ट फॉरवर्डिंग करायचंच, पण फक्त या एका दाराचं, ५१८२०. या दाराची गंमत अशी, की त्याला बेल नाही. तुमच्या फोनमध्ये किल्ली असेल, तरच ते उघडतं. किल्ली नसलेल्याने कितीही ठोठावलं तरी आतून ‘कोण आहे?’ असंसुद्धा येत नाही, त्यामुळे ओळीने दारं ठोठावणाऱ्या यंत्राला इथे दार आहे हेच कळत नाही. आणि किल्लीवाला एकदा आत आला, की तो जणू आमच्या बाहेरच्या खोलीतच बसलेला.

बाबांनी दोन किल्ल्या केल्या. एक माझी, एक दादाची. दादाला व्हिडिओ कॉलवर स्क्रीनवरचा क्यूआर कोड दाखवला, त्याने दुसऱ्या फोनने तो टिपला. दोन मिनिटं नुसती शांतता. मग डब्लिनहून आमच्याच घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. पहिलीच कॅसेट लावली होती त्याने. दादा काही बोलला नाही. बाबाही नाही. मी चहा टाकायला आत गेले.

आता वायरगार्डच्या पानावर प्रत्येक किल्लीपुढे शेवटचा हँडशेक किती वेळापूर्वी झाला ते दिसतं. बाबा पहाटे पाचला उठतात. तेव्हा आयर्लंडमध्ये आदली मध्यरात्र उलटायला आलेली असते. एकदा दादाच्या नावापुढे ‘एक मिनिटापूर्वी’ दिसलं, तसा त्यांनी सरळ फोन लावला, ‘अरे, झोपला नाहीस अजून?’ आता रविवारचा फोन चाळीस मिनिटांच्या खाली येत नाही. विषय ठरलेले. सदतीस नंबरमध्ये मागे हसतंय ते कोण, बावन्नमध्ये पेटीची एक पट्टी बसलीय ती कधी दुरुस्त केली, वगैरे. तिकिटाचं मात्र दादा अजून काही बोललेला नाही, आणि बाबांनीही विचारलेलं नाही.

आईच्या विद्यार्थिनींना हे कुठूनतरी कळलं आणि त्यांचे फोन यायला लागले, आम्हालाही किल्ली द्या म्हणून. किल्ली बनवायला बाबांना दोन मिनिटं लागतात. पण त्यांनी कुणालाही दिली नाही. त्यांना शनिवारी चार वाजता घरी यायला सांगितलंय. गेल्या शनिवारी सातजणी आल्या होत्या, त्यातल्या दोघी नातवंडांना घेऊन. सतरंजी पुरली नाही, म्हणून आतून गादी काढली. नातवंडांनी आल्या आल्या वायफायचा पासवर्ड मागितला. बाबांनी राऊटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढून ठेवलं होतं, तिथून मागच्या खोलीतला कॉम्प्युटर दिसत नाही. पासवर्ड कागदावर लिहून तो कागद त्यांनी पेटीवर ठेवला होता.